लाकूड गेलं, शिंपला राहिला

दक्षिण इराकमध्ये ऊर नावाचं एक प्राचीन शहर होतं. १९२०च्या दशकात लिओनार्ड वुली हा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ तिथलं राजघराण्याचं दफनस्थान खणत होता. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या थडग्यांमध्ये माणसांसोबत वाद्यंही पुरलेली होती. लायर म्हणतात त्यांना. उभ्या चौकटीत तारा ताणलेल्या, आणि खाली पेटीसारखी पोकळ खोकी. पण वुलीला सापडलं त्याला वाद्य म्हणणं कठीण होतं. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. मातीत राहिली होती ती लाकडाच्या आकाराची पोकळी, आणि तिच्या कडेकडेने अडकलेले शिंपल्याचे आणि निळ्या लाजवर्दी दगडाचे तुकडे.

एका लायरच्या बाबतीत वुलीने त्या पोकळीत पातळ प्लास्टर ओतलं, ते घट्ट होऊ दिलं आणि मग भोवतालची माती काढली. नसलेल्या लाकडाचा आकार हाती आला.

तिथल्याच दुसऱ्या एका लायरची दर्शनी पट्टी आज फिलाडेल्फियाच्या पेन संग्रहालयात आहे. तिच्यावर शिंपल्यात कोरलेली चित्रं बसवली आहेत. एका चित्रात गाढव बसून लायर वाजवतंय आणि अस्वल ते वाद्य धरून उभं आहे. गाढवाच्या हातातल्या लायरला पुढे बैलाचं डोकं आहे. ज्या वाद्यावर हे चित्र जडवलं होतं, त्यालाही तसंच बैलाचं डोकं होतं. म्हणजे कारागिराने वाद्यावर वाद्याचंच चित्र काढलं आणि वाजवायला बसवलं गाढवाला! शिंपल्यांच्या मधली काळी जागा त्याने डांबराने भरली होती.

ज्याला आपण ‘वरची सजावट’ म्हणतो, तीच तेवढी टिकली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पाच दिवस कोड लिहितो आणि उरलेले दोन दिवस बेस गिटार वाजवतो. आमच्या बेसवाल्या मंडळींमध्ये एक प्रश्न सारखा फिरत असतो : फ्रेटबोर्डवर स्वतःचं काहीतरी जडवून घ्यावं का? कुणाला नाव हवं असतं, कुणाला मांजर, कुणाला बाळाची जन्मतारीख. पुढचा प्रश्न लगेच येतो : उद्या विकायची झाली तर? या दोन प्रश्नांच्या मध्ये एक मोठा इतिहास आहे. वाद्यावर कुणाची खूण राहते, कुणाची पुसली जाते आणि ते कोण ठरवतं, याचा.

टिंबांची नावं आणि कोंदण

वस्तूवर नाव घालणं आपल्याला नवीन नाही. आपल्या स्वयंपाकघरात जाऊन कुठलंही जुनं स्टीलचं पातेलं उलटं करा. टिंबाटिंबांनी कोरलेलं आजीचं नाव, लग्नाची तारीख, नाहीतर ‘सप्रेम भेट’ सापडेल. भांड्यांच्या दुकानातला माणूस हातातलं छोटं यंत्र टरटर चालवून दोन मिनिटांत ते करून देतो. तिथे धातूला फक्त खळगे पडतात.

इनले म्हणजे जडावकाम. ते याच्या पुढचं आहे. तिथे आधी वस्तूतून जागा कोरून काढायची आणि मग त्याच मापाचं दुसरं काहीतरी त्यात बसवायचं. दागिन्यातल्या खड्याच्या अशा बैठकीला आपल्याकडे ‘कोंदण’ हा फार सुंदर शब्द आहे. गिटारवर चिकटवलेलं स्टिकर नखाने निघतं आणि रंग खरवडता येतो. कोंदणासाठी कोरून टाकलेलं लाकूड मात्र परत येत नाही. पुढे ते बुजवता येईल, पण कोरलं नव्हतं असं करता येत नाही.

माझ्या धंद्यात प्रत्येक बदल मागे घेता येतो. आदल्या आठवड्याचा कोड एका कमांडमध्ये परत आणता येतो. म्हणूनच कदाचित या कामाची भीतीही वाटते आणि ओढही.

उंटावरचा वादक

जपानच्या नारा शहरात तोदाइजी मंदिराचं शोसोइन नावाचं लाकडी कोठार आहे. ७५६ साली सम्राट शोमू वारला. त्याच्या पत्नीने, सम्राज्ञी कोम्योने, त्याच्या आवडीच्या वस्तू यादी करून मंदिराला अर्पण केल्या. त्यात पाच तारांचं एक वाद्य होतं, ‘गोगेन बिवा’. पाच तारांचं इतकं जुनं बिवा जगात हे एकच उरलं आहे. या प्रकाराच्या वाद्याचं मूळ भारतात असल्याचं मानलं जातं. पुढे ते मध्य आशिया आणि चीनमार्गे जपानला पोचलं.

त्याची पाठ शिंपल्याच्या फुलांनी भरलेली आहे. समोर, जिथे तारा छेडताना नखीचा मार बसतो, तिथे कासवाच्या पाठीच्या कवचाची पट्टी आहे. त्या पट्टीवर शिंपल्यात एक माणूस जडवला आहे. तो उंटावर बसलाय आणि बिवा वाजवतोय.

पुन्हा वाद्यावर वाद्य. ऊरपासून नारापर्यंत हजारो मैलांचं आणि तीनेक हजार वर्षांचं अंतर आहे, पण कारागिरांना सुचलेली गोष्ट एकच आहे. नारामधल्या उंटामुळे वाद्याचा प्रवासही त्याच्या अंगावर नोंदला गेला. सम्राटाचं नाव यादीत आहे. शिंपला कापणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

युरोपातही हा शौक राजेरजवाड्यांचाच होता. हॅम्बर्गचा योआखिम टील्के (१६४१ ते १७१९) हस्तिदंत आणि कासवाचं कवच वापरून गिटारं आणि व्हियोल अशी मढवायचा की लाकूड शोधावं लागे. त्याच्या वाद्यांवर त्याचं नाव आहे, कारण तोवर युरोपात वाद्य बनवणाऱ्याचं नाव विकलं जाऊ लागलं होतं.

दीड मिलिमीटरचं काम

इतिहासात पुढे जाण्याआधी हे काम कसं चालतं ते थोडं बघू. त्यामुळे पुढच्या गोष्टींमध्ये नेमकं काय पणाला लागलं होतं ते कळेल.

शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थराला मोतीशिंप म्हणू. त्यात रंगद्रव्य जवळजवळ नसतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ चकत्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाड, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास. वेगवेगळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी, हिरवे, निळे रंग दिसतात. गिटार हलली की रंग सरकतात, ते यामुळे.

अशा शिंपल्याचा एक ते दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यायचा. कागदावरचं चित्र त्यावर चिकटवायचं आणि सोनाराकडे असते तशा केसाएवढ्या करवतीने कापायचं. मग तोच आकार लाकडावर आखून कोंदण कोरायचं. तुकडा बसवून फटीत लाकडाचा भुसा मिसळलेलं काळं इपॉक्सी भरायचं. ऊरच्या कारागिराचं डांबर ते हेच. शेवटी घासून सपाट करायचं. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून हे काम मास्क लावूनच करतात.

फ्रेटबोर्ड सपाट नसतो हा यातला खरा पेच. फेंडरच्या जुन्या नेकवर त्याला १८४ मिलिमीटर त्रिज्येचा बाक असतो. ठिपका छोटा असला तर फरक पडत नाही. पण ३० मिलिमीटर रुंद सपाट तुकडा बसवला, तर बाकाशी जुळवताना त्याच्या दोन्ही कडा साधारण ०.६ मिलिमीटर घासाव्या लागतात. दीड मिलिमीटरच्या शिंपल्यातून कडेला उरतो ०.९. पुढे कधी फ्रेट बदलताना फ्रेटबोर्ड घासला की तोही कमी होतो.

बेसवर एक फायदा असतो, जागा. ३४ इंची बेसवर पहिला फ्रेट ४८ मिलिमीटरवर येतो, तर साडेपंचवीस इंची गिटारवर ३६ वर. प्रत्येक फ्रेटला हे अंतर दोनाच्या बाराव्या मुळाने घटत जातं आणि बाराव्या फ्रेटनंतर बरोबर निम्मं होतं. म्हणून मोठं चित्र खालच्या सुरांकडे आणि बारीक नक्षी वरच्या सुरांकडे. कॅनव्हास निमुळता होत जातो.

रेल्वेवाल्याचं नाव

राजांच्या वाद्यांवरचा शिंपला सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो अमेरिकेत. मार्टिन कंपनीने १९०४ मध्ये ‘स्टाइल ४५’ ही शिंपल्याने काठ मढवलेली गिटार काढली. आता राजवाडा नको, फक्त पैसे हवेत. आणि जादा पैसे दिले तर नावही घालून मिळे.

जिमी रॉजर्स हा मिसिसिपीचा, रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयाने शरीर पोखरलेलं. १९२७ मध्ये त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि तो बघता बघता देशभर गाजला. १९२८ मध्ये मार्टिनने त्याच्यासाठी खास गिटार बनवली. फ्रेटबोर्डवर खालपासून वरपर्यंत शिंपल्यात त्याचं पूर्ण नाव, आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘थँक्स’. गाणं संपलं की तो गिटार उलटी करून प्रेक्षकांना दाखवायचा. १९३३ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तो क्षयानेच गेला. त्याच वर्षी मार्टिनने जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉयसाठी पहिली डी-४५ बनवली. तिच्या फ्रेटबोर्डवर ऑट्रीचं नाव होतं.

पण मला रॉजर्सच्या गिटारीची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९३६ मध्ये त्याच्या विधवा पत्नीने, कॅरी रॉजर्सने, ती गिटार अर्नेस्ट टब या धडपड्या तरुण गायकाला वापरायला दिली. टब ती अनेक वर्षं वाजवत राहिला आणि पुढे स्वतः मोठा स्टार झाला. जरा कल्पना करा. रोज स्टेजवर उभं राहायचं आणि आपल्या बोटांखाली दुसऱ्याचं नाव. डाव्या हाताने सूर धरला की ‘जिमी’तली दोन अक्षरं झाकली जायची आणि हात सरकला की पुन्हा उघडी पडायची. टबने ते नाव बुजवलं नाही. पुढे स्वतःच्या गिटारीच्या पाठीवरही त्याने ‘थँक्स’ लिहून घेतलं. रॉजर्सची गिटार आज मिसिसिपीतल्या मेरिडियनच्या संग्रहालयात आहे.

पाटी कोरी असलेलं वाद्य

बेस गिटार या सगळ्या परंपरेबाहेर जन्माला आली. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. माणसाएवढा उभा डबल बेस गाडीच्या टपावर बांधून नेणाऱ्या वादकांसाठी त्याने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ काढला. प्रिसिजन म्हणजे अचूकता : फ्रेट असल्याने सूर नेमका लागेल.

त्याच्यावर सजावटीचा लवलेश नव्हता. मेपलची एकसंध नेक, चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. फ्रेटबोर्डवर काळे ठिपके : ३, ५, ७, ९ वर एकेक आणि बाराव्यावर दोन. हे ठिपके हातासाठी होते, डोळ्यांना रस्ता दाखवायला. पाचवा, सातवा आणि बारावा फ्रेट तारेच्या चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या भागाशी येतात, त्यामुळे त्यात भौतिकशास्त्रही आपसूक आलं. वाद्य होतं की यंत्राचा सुटा भाग, असा प्रश्न पडावा इतकं ते साधं.

त्या साधेपणातही माणूस लपलेला होता. फेंडरच्या कारखान्यात नेक घडवणारे कामगार नेकच्या टोकावर, जो भाग बॉडीच्या खाचेत झाकला जातो तिथे, पेन्सिलीने तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहीत. टाडेओ गोमेझ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. त्याची ‘टीजी’ ही अक्षरं बघायची तर चार स्क्रू सोडवावे लागतात. आज जुन्या गिटारींचे संग्राहक ती शोधत असतात.

सजावट आली ती धंद्याच्या वाटेने. १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली. १९६६ मध्ये जॅझ बेसवरच्या ठिपक्यांच्या जागी मोठे चौकोनी ठोकळे आले. रिकेनबॅकरच्या १९६१ च्या ४००१ बेसवर आधीच त्रिकोण होते. फेंडरचे ठोकळे मोतीशिंपीसारखे दिसायचे, पण होतं प्लास्टिक, आणि सगळ्यांना सारखंच. नाव कुणाचंच नाही, ओळख फक्त मॉडेलची.

कोळी आणि लांडगा

हे चित्र पालटलं सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी मंडळींनी. ग्रेटफुल डेड या बँडच्या अवतीभवती १९६९ मध्ये ‘अलेम्बिक’ नावाचं छोटं दुकान सुरू झालं. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार रॉन विकरशॅम होता, सुसान विकरशॅम होती आणि गिटार घडवणारा रिक टर्नर होता. १९७२ मध्ये त्यांची पहिली बेस जॅक कॅसडीसाठी तयार झाली. फेंडरच्या बरोबर उलटा विचार : एका माणसासाठी एक वाद्य, निवडक लाकूड, आणि नेक थेट बॉडीतून शेवटपर्यंत गेलेली. ती काढून बदलता येत नाही. जे कोरलं ते त्या वाद्याचं कायमचं.

इंग्लंडच्या ‘द हू’ या बँडचा जॉन एंटविसल अलेम्बिकचं मोठं गिऱ्हाईक बनला. त्याने १९६६ मध्ये ‘बोरिस द स्पायडर’ हे गमतीचं गाणं लिहिलं होतं आणि तेव्हापासून कोळी त्याला चिकटला होता. त्याच्या अलेम्बिकवर चांदीचं जाळं आणि कोळी जडवले गेले. प्रेक्षकांना ते लांबून जेमतेम दिसत असेल. पण वाजवताना मान खाली गेली की दिसायचं ते त्याला. २००२ मध्ये तो गेला आणि २००३ मध्ये लंडनला त्याच्या वाद्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला.

लांडग्याची गोष्ट गिटारीची आहे, बेसची नाही, पण सांगायलाच हवी. अलेम्बिकमधून बाहेर पडलेल्या डग आयर्विनने १९७३ मध्ये ग्रेटफुल डेडच्या जेरी गार्सियाला एक गिटार बनवून दिली. गार्सियाने तिच्यावर कार्टून लांडग्याचं एक स्टिकर चिकटवलं. पुढे गिटार पॉलिशसाठी परत आली, तेव्हा आयर्विनने ते स्टिकर काढून त्याच जागी तोच लांडगा जडावकामात बसवला. सहज चिकटवलेली गंमत लाकडात कायमची गेली आणि गिटारीचं नावच ‘वुल्फ’ पडलं. १९९५ मध्ये गार्सिया वारला. मृत्युपत्रात त्याने आयर्विनने बनवलेल्या गिटारी आयर्विनलाच ठेवल्या होत्या. बँडने दावा सांगितला, वाद झाला, तडजोड झाली. वाट्याला आलेल्या दोन गिटारी आयर्विनने २००२ मध्ये लिलावात विकल्या. वुल्फ पुन्हा २०१७ मध्ये सुमारे १९ लाख डॉलरना विकली गेली.

ज्याचं नाव वाद्यावर, वाद्य त्याचं. की ज्याचे हात वाद्यावर, वाद्य त्याचं? गार्सियाने आपलं उत्तर मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.

याच काळात फ्लोरिडाच्या जाको पास्टोरियसने वेगळीच वाट धरली. त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढलेले होते, खाचा बुजवलेल्या होत्या आणि फ्रेटबोर्डवर होडीला लावतात ते इपॉक्सी चढवलेलं होतं. फ्रेट गेले तरी रेषा राहिल्या. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक फ्रेटलेस बेसवर अशा बारीक रेषा मुद्दाम जडवलेल्या असतात. जे काढून टाकलं त्याची ती खूण. हेही जडावकामच, आणि माझ्या मते बेसवरचं सर्वांत प्रामाणिक.

शिंपला कुठून येतो

या सुंदर गोष्टींची किंमत समुद्राने आणि जंगलाने मोजली. गिटारवर दिसणारा हिरवा-निळा शिंपला अ‍ॅबलोनी नावाच्या समुद्री गोगलगायीचा असतो. कॅलिफोर्नियात ती मांसासाठी इतकी उपसली गेली की १९९७ मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. २००१ मध्ये पांढरी अ‍ॅबलोनी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेली. पाठीचा कणा नसलेला हा त्या यादीतला पहिला समुद्री प्राणी. पांढऱ्या मोतीशिंपीसाठी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूममध्ये पाणबुड्यांनी जीव दिले. तिथल्या जपानी दफनभूमीत शेकडो कबरी आहेत. त्यातला बहुतेक शिंपला शर्टाच्या बटणांना गेला. गिटारच्या वाट्याला आला तो त्याच बाजारातला.

लाकडाची वाट तर आपल्या दारावरून जाते. ब्राझीलने शिसवाचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवल्यावर १९६९ मध्ये मार्टिन कंपनी भारतीय शिसवाकडे वळली. आज जगातल्या असंख्य गिटारींच्या फ्रेटबोर्डला हेच लाकूड असतं. त्याची झाडं सह्याद्रीच्या रांगांतही वाढतात. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. २०१९ अखेर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे आपण फ्रेटबोर्डमध्ये कोंदण कोरतो, तेव्हा उडणारा भुसा कदाचित आपल्याच डोंगरातला असतो.

मिरजेतलं आडनाव

आपल्याकडे ही कला बेसवर नाही, पण तंबोऱ्यावर आहे, आणि तिचं गाव मिरज. तिथले शिकलगार, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा धंदा आटल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा, दांडी, तबली, खुंट्या; आणि त्यावर पानाफुलांची पांढरी नक्षी. पूर्वी त्यासाठी हस्तिदंत वापरत, आता प्लास्टिक असतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथे या घराण्यांचं आडनाव आहे, सितारमेकर. अमेरिकेत वाजवणाऱ्याचं नाव वाद्यावर गेलं. मिरजेत वाद्याचं नाव बनवणाऱ्याच्या घरावर आलं. मला ही उलट दिशेने केलेली जडणघडण वाटते : वाद्य माणसाच्या नावात बसवलेलं, पिढ्यान्‌पिढ्या न निघणारं.

‘स’ची किंमत

आता माझ्या बेसविषयी. ती जुन्या बाजारातली आहे. बाराव्या फ्रेटच्या दोन ठिपक्यांमध्ये शिंपल्याचा एक देवनागरी ‘स’ आहे. काम हौशी आहे. ‘स’च्या पोटात फट जास्त राहिली होती, ती काळ्या इपॉक्सीने भरली आहे. पण काना सरळ आहे आणि वरची शिरोरेषा फ्रेटला अगदी समांतर. ज्याने केलं त्याने श्वास रोखून केलं असणार.

विकणाऱ्याने मला दोन हजार कमी लावले. “दुसऱ्याचं अक्षर आहे ना,” तो म्हणाला.

बाजाराचा हा हिशेब मला तेव्हापासून सतावतो. लांडग्यामुळे किंमत चढते, ‘स’मुळे उतरते. शिंपला तोच, करवत तीच, इपॉक्सी तेच. फरक आहे तो फक्त लोक कुणाला ओळखतात याचा. पण जिमी रॉजर्सलाही पहिल्या ध्वनिमुद्रणाआधी कुणी ओळखत नव्हतं. आणि ऊरच्या ज्या कारागिराने गाढवाला लायर वाजवायला बसवलं, त्याला तर आजही कुणी ओळखत नाही. तरी त्याचा विनोद साडेचार हजार वर्षांनी आपल्यापर्यंत पोचतो. ओळख हा टिकण्याचा निकष नाही, तो फक्त किमतीचा निकष आहे.

मित्र म्हणतात, तो ‘स’ काढून तिथे तुझं काहीतरी घाल. अलीकडे सीएनसी यंत्रावर हवी ती फाइल दिली की शंभरावा हिस्सा मिलिमीटरच्या हिशेबात कोंदण कोरून मिळतं. काम अवघड नाही. पण अर्नेस्ट टब आठवतो आणि मी थांबतो. आपल्या घरातल्या पातेल्यांवरही आजीचंच नाव आहे. आई त्यात रोज आमटी करते आणि ते नाव खोडून आपलं घालावं असं तिला कधी वाटलं नाही.

मी ठरवलंय ते असं. ‘स’ राहील. माझ्यासाठी फक्त तिसऱ्या फ्रेटचा प्लास्टिकचा ठिपका काढून तिथे जुन्या बटणाच्या शिंपल्याचा एक तुकडा बसवून घेणार आहे. त्यासाठी नवा शिंपला समुद्रातून यायला नको. अक्षर नाही, चित्र नाही. आणि ज्याच्याकडून हे काम करून घेईन, त्याला एक विनंती करणार आहे : चार स्क्रू सोडव, नेक बाहेर काढ आणि आत झाकल्या जाणाऱ्या भागावर पेन्सिलीने तुझं नाव आणि तारीख लिही.

पुढेमागे ही बेस तिसऱ्याच कुणाच्या हातात जाईल. त्याला वरून ‘स’ दिसेल आणि एक जरा वेगळा चमकणारा ठिपका दिसेल. कधी नेक उघडायची वेळ आली, तर हे ज्याच्या हातचं आहे त्याचं नावही कळेल.